माळ्यावरची शिशाची फौज



आजच्या व्याख्यानाचा विषय दारावरच्या फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहीजण मनातल्या मनात हसले असतील. ज्या व्यासपीठावरून राजांच्या, तहांच्या आणि लढायांच्या गोष्टी सांगावयाच्या, तेथे हा म्हातारा मास्तर खेळण्यातल्या शिपायांची गोष्ट घेऊन उभा राहिला आहे. मी हा विषय कोणत्याही ग्रंथालयात शोधावयास गेलो नव्हतो. तो मला बिस्किटांच्या एका गंजलेल्या डब्यात सापडला, आणि एकदा सापडल्यावर त्याने मला सोडले नाही.

माझा एक वर्गमित्र डॉक्टर होऊन १९७४ साली इंग्लंडात गेला व नॉटिंगहॅमजवळच्या एका गावी स्थायिक झाला. जाताना त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घरी आठ-दहा दिवस राहण्याचा मला योग आला. वयोमानाने मोठे घर सोडून लहान घरात जावयाचे होते, म्हणून माळा रिकामा करण्याचे काम चालले होते. मुलगा, आता पन्नाशी उलटलेला गृहस्थ, शिडीवरून एक डबा काखेत घेऊन उतरला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तो पालथा केला. आत साठ-पासष्ट शिशाचे पुतळे निघाले. एकेक जेमतेम इंचभर उंचीचा. पण त्यांत साधा शिपाई एकही नव्हता. हिरव्या कातडीचे, लांब कानांचे, दात विचकणारे गॉब्लिन होते. दाढीवाले बुटके योद्धे होते. ढाल-तलवार घेतलेले हाडांचे सापळे होते. आणि पंख मोडलेला एक ड्रॅगन होता. सर्वांना तेलकट चकाकणारा जाड रंग फासलेला. डोळे म्हणजे पांढरे वाटाणे आणि त्यांत काळे ठिपके. काहींच्या पायांशी पांढरी भुकटी साचली होती.

बाप म्हणाला, “दे टाकून.” मुलगा काही बोलला नाही. त्याने त्यांतला एक उचलला, उलटा करून बूड पाहिले, आणि मला विचारले, “काका, तुम्ही इतिहास शिकवलात ना? यांचे काय करू?”

त्यावेळी मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तरासाठी जी शोधाशोध करावी लागली, तीच आज आपल्यापुढे मांडतो.

या शिपायांची वंशावळ पाहू गेल्यास ती प्रथम आपल्याच दारी येते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांची सेना पटावर मांडण्याची कल्पना भारतातली. चतुरंग इराणात गेले, तेथून अरबांकडे व पुढे युरोपात पोचले. १७८० साली जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट मोठा करून, त्यावर डोंगर-नद्यांचे रंग देऊन, लष्करी पेशाच्या मुलांसाठी युद्धाचा खेळ रचला. १८१२ साली फोन राइसविट्झ याने प्रशियाच्या राजाला असाच खेळ खणांच्या एका मोठ्या टेबलासह नजर केला, आणि त्याच्या मुलाने १८२४ साली तो नकाशावर खेळावयाचा करून त्याचे नियम छापले. सेनापतींना तो इतका पसंत पडला की पलटणींतून तो खेळावा असा हुकूम निघाला. फासे टाकून तोफेच्या माऱ्याचा परिणाम ठरवणे, पंच नेमणे, शत्रूची हालचाल दिसेल तेवढीच खेळाडूला सांगणे, या सर्व गोष्टी तेथल्या. तो मोठ्यांचा व धंद्याचा खेळ होता. त्यात हसण्याला जागा नव्हती.

हसण्याला जागा दुसरीकडे होती. १८२६ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील हॉवर्थ गावचे पाद्री पॅट्रिक ब्राँटे यांनी लीड्सहून आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपायांची पेटी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही भावंडांनी त्यांवर झडप घातली. दहा वर्षांच्या शार्लटने सर्वांत देखणा शिपाई उचलला व तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन असल्याचे जाहीर केले. भाऊ ब्रॅनवेल याने आपल्या शिपायाला बोनापार्ट केले. एमिली आणि ॲन यांनीही एकेक घेतला. त्या शिपायांनी मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक काल्पनिक नगर वसवले, राज्ये स्थापली, वर्तमानपत्रे काढली. ही वर्तमानपत्रे मुलांनी शिपायांच्या मापाने बनवली होती. आगपेटीहूनही लहान पानांवर, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत. त्यांपैकी शार्लटने १८३० साली लिहिलेला एक अंक २०१९ साली पॅरिसच्या लिलावात आला, तेव्हा हॉवर्थच्या ब्राँटे संस्थेने त्यासाठी सुमारे सहा लाख युरो मोजले. ‘जेन एअर’ आणि ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबऱ्यांची पहिली शाळा म्हणजे ही बारा लाकडे.

येथे आपण महाराष्ट्रीयांनी क्षणभर थांबावयास हवे. शार्लटच्या हातातला हा वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील आसईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लू सोडून आसईचे नाव घेतले, असे सांगतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या रक्ताने ज्याचे नाव झाले तो सेनापती तेवीस वर्षांनी एका पाद्र्याच्या मुलीच्या उशाशी लाकडाचा होऊन उभा होता. आणि आपली मुले दिवाळीत अंगणात किल्ला करतात, त्यावर मातीचे मावळे मांडतात, मागच्या वर्षीच्या मावळ्याचे नाक उडाले असेल तर त्यावर गेरू फासून त्याला पुन्हा बुरुजावर चढवतात. त्या मावळ्याला नाव देणारे पोर आणि वेलिंग्टनला नाव देणारी शार्लट यांच्यांत मला तरी फरक दिसत नाही.

धातूच्या शिपायांचा प्रसार जर्मनीतून झाला. न्यूरेंबर्गचे ओतारी कथलाचे चपटे शिपाई करीत. पुढे भरीव शिशाचे आले. पण ते जड आणि महाग. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन याने युक्ती काढली. साच्यात रस ओतावयाचा, साच्याला लागलेला पापुद्रा गोठला की आतला रस लगेच ओतून काढावयाचा. शिपाई आतून पोकळ निघतो, शिसे थोडे लागते, किंमत उतरते. तेव्हापासून मध्यमवर्गीय घरांतल्या पोरांच्या हाती पलटणीच्या पलटणी आल्या. आणि त्या पोरांबरोबर थोर लोकही जमिनीवर रांगू लागले. स्टीव्हन्सन हा कादंबरीकार १८८१–८२ च्या हिवाळ्यात दाव्होस येथे प्रकृतीसाठी राहिला असता सावत्र मुलाबरोबर माळ्यावर आठवडेच्या आठवडे अशी युद्धे खेळला होता. वेल्स याने तर १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या नावाने या खेळाचे पुस्तकच लिहिले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी सुटते, जो शिपाई आडवा होतो तो मेला. या चिमुकल्या युद्धापुढे खरे युद्ध किती मूर्खपणाचे आहे हे त्याने त्याच पुस्तकात बजावले आहे. पुढच्याच वर्षीच्या ऑगस्टात महायुद्ध सुरू झाले.

मग हे गॉब्लिन आणि सापळे आले कोठून? त्यांचा जन्म पुस्तकात झाला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांचे ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये व ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेत त्याच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि तरुणांना त्याचे वेड लागले. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ मित्रांबरोबर मध्ययुगीन सैन्यांचे खेळ खेळत असे. १९७१ साली त्याने जेफ पेरेन याच्यासह ‘चेनमेल’ नावाची नियमावली काढली व तिच्या शेवटी जादूगार आणि ड्रॅगन यांच्यासाठी एक पुरवणी जोडली. मुख्य ग्रंथापेक्षा ती पुरवणीच गाजली. तिच्यातून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले, ज्यात एक पुतळा म्हणजे पलटण नसून एकच माणूस असतो. मंडळींना राक्षसांचे पुतळे मिळेनात, तेव्हा त्यांनी हाँगकाँगहून येणारी प्लॅस्टिकची स्वस्त, चित्रविचित्र जनावरे आणली. ती कोणती जनावरे हे कोणालाच ओळखता येईना, म्हणून त्यांनाच नावे आणि स्वभाव बहाल केले. त्यांतली दोन-तीन आजही त्या खेळाच्या ग्रंथांत सन्मानाने नांदत आहेत. देवळाबाहेरच्या दगडाला शेंदूर लागला की त्याला नाव मिळते, तसाच काहीसा हा प्रकार.

इंग्लंडात १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी गेम्स वर्कशॉप ही मंडळी काढली. आरंभी ते लाकडी पट करून विकीत. १९७९ साली त्यांच्या साहाय्याने ब्रायन अँसेल याने नॉटिंगहॅमजवळच्या न्यूअर्क येथे सिटॅडल नावाचा ओतकामाचा कारखाना उभा केला, आणि १९८३ मध्ये अँसेल, रिक प्रीस्टली व रिचर्ड हॅलिवेल यांनी ‘वॉरहॅमर’ हा खेळ बाहेर आणला. गिऱ्हाइकाने दहा पुतळे घेतले तर शंभर का घ्यावेत, याला काही कारण हवे. वॉरहॅमरने ते पुरवले. धंद्याची ही बाजू लपवण्याचे कारण नाही. पण मूर्तिकार खरे कसबी होते. पेरी आडनावाचे जुळे भाऊ, जेस गुडविन, आणि गॉब्लिनांच्या चेहऱ्यांत ज्याचा हात कोणी धरू शकला नाही तो केव्हिन ॲडम्स. मळून हिरवी होणारी लुकण तारेच्या सांगाड्यावर चढवून, सुईसारख्या हत्याराने ते इंचभर उंचीत कंबरपट्ट्याची कडीसुद्धा कोरीत. या मूळ पुतळ्यावरून रबराचा वाटोळा साचा भाजून काढीत, तो गरगर फिरवून मध्यभागी शिसे-कथलाचा रस ओतीत. फिरण्याच्या जोराने रस बोटांच्या टोकापर्यंत पोचतो. रबराचा साचा थोड्या दिवसांत झिजतो, म्हणून एकाच पुतळ्याच्या दोन प्रतींत एकीचे नाक तीक्ष्ण आणि दुसरीचे बोथट असू शकते.

आता डब्याकडे वळू. साठ पुतळ्यांचा काळ कसा ठरवावयाचा? आम्ही दोघे टेबलाशी बसलो व बुडे पाहू लागलो. जुन्या पुतळ्यांच्या पायांखाली त्याच धातूचा एक ओबडधोबड गोळा असतो. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्याला पद्धत बदलली: पायांखाली धातूची उभी पट्टी आली, आणि ती काळ्या प्लॅस्टिकच्या बैठकीतील खाचेत बसवू लागले. त्या पट्टीवर पुष्कळदा पुतळ्याचे नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असते. मित्राचा मुलगा आनंदाने म्हणाला, “म्हणजे हा १९८५ चा.” मला मास्तरकी करावीच लागली. ते साल मूर्ती घडवल्याचे, ओतल्याचे नव्हे. कंपनी सरकारच्या कलकत्त्याच्या रुपयावर शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष कित्येक दशके तसेच छापले जात होते; तेवढ्यावरून नाणे त्या वर्षीचे म्हणाल तर फसाल. तेव्हा साल एवढेच सांगते की पुतळा त्याआधीचा नाही. मात्र दुसरी एक खूण होती. न्यूयॉर्क राज्यात शिशाच्या विषारीपणाविरुद्ध कायद्याची हालचाल सुरू झाली, तेव्हा १९९३ च्या सुमारास पुतळे करणाऱ्यांनी बिनशिशाचा पांढरा धातू वापरावयास आरंभ केला. तो कडक असतो, वाकवू गेल्यास मोडतो. आमच्या डब्यातल्या तलवारी सगळ्या मेणासारख्या वाकत होत्या.

पायांशी साचलेली ती पांढरी भुकटी हा शिशाचा रोग. बंद, दमट जागी लाकडातून आणि पुठ्ठ्यातून आम्ल वाफ निघते आणि शिशाला खाते. ओकच्या कपाटांत ठेवलेल्या शिशाच्या वस्तूंच्या बाबतीत संग्रहालयांना हा अनुभव पुष्कळ आला आहे. जी भुकटी उरते ती जवळजवळ तीच, जिला जुने रंगारी सफेता म्हणत. ती विषारी असते. कोरडी खरवडू नये, हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नये. आमच्या डब्यातले चार सापळे असे गेलेच.

आणि आता मुख्य प्रश्न. इंग्लंडात आज त्याच्यासारखे शेकडो प्रौढ गृहस्थ माळ्यावरून आपले जुने डबे काढतात, पुतळ्यांवरचा जुना रंग उतरवून त्यांना नव्याने रंगवतात, आणि एकत्र जमून १९८० नंतरच्या दशकातल्या नियमांनी खेळतात. रंग उतरवण्याचा त्यांचा आवडता उपाय ऐकून मला हसू आले: डेटॉल! पुतळा एक दिवस बाटलीतल्या निर्मळ डेटॉलमध्ये बुडवून ठेवावयाचा आणि दात घासण्याच्या ब्रशाने घासावयाचा. मात्र घासताना पाण्याचा थेंब लागता कामा नये, नाहीतर सुटलेल्या रंगाचा चिकट डिंक होऊन बसतो. डब्यातले पहिले पाच गॉब्लिन माझ्यासमोर असे न्हाऊन निघाले. सबंध घराला दवाखान्याचा वास सुटला आणि डॉक्टर बाप, जो कालपर्यंत टाकून दे म्हणत होता, तो रबरी हातमोजे घेऊन मदतीला आला. जाड रंगाखालून जे उघडे पडले ते पाहण्यासारखे होते. कपाळावरच्या आठ्या, चामड्यावरची शिवण, नखे. मूर्तिकाराने कोरलेले हे सर्व तेरा वर्षांच्या पोराने विमानांच्या नमुन्यांसाठी मिळणाऱ्या एनॅमल रंगाखाली गाडून टाकले होते. २०२२ साली सप्तशृंगगडावर देवीच्या अंगावरची शेंदराची पुटे काढल्यानंतर मूळ मूर्तीचे रूप दिसले, तेव्हा अनेकांना जे वाटले असेल त्याची मला त्या स्वयंपाकघरात आठवण झाली.

पण मी त्याला थांबवले. रस्किनने १८४९ मध्येच म्हटले होते की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा सर्वनाशच. १८७७ साली विल्यम मॉरिस याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिला लोक ‘खरवडू नका मंडळी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. कारण त्या काळचे वास्तुकार चर्चच्या भिंतींवरचे शेकडो वर्षांचे गिलावे खरवडून आतला ‘मूळ’ दगड उघडा करीत आणि मधल्या सर्व पिढ्या पुसून टाकीत. मी त्याला म्हटले, “बाबा रे, या पुतळ्याला दोन साले आहेत. मूर्तिकाराचे एक, त्याच्या प्रती जगात हजारो असतील. दुसरे तुझे. त्या वाटाण्यासारख्या डोळ्यांची प्रत जगात एकच आहे.”

हे बोलताना मला वाटले होते की मी फार बिनतोड बोललो. त्याने काही न बोलता पुतळे उलटे करून दोन ढीग केले. तेव्हा कळले की पहिल्या दिवसापासून तो बुडे का पाहत होता. बहुतेकांच्या बुडाशी तांबडा ठिपका होता. अकरा पुतळ्यांच्या बुडाशी निळा. खेळताना फौजा मिसळत, म्हणून मुलांनी आपापला रंग ठरवला होता. तांबडा याचा. निळा शेजारच्या गल्लीतल्या एका इंग्रज मुलाचा. एका शनिवारी खेळ अर्धवट राहिला, निळे पुतळे याच्या घरीच राहिले, पुढे परीक्षा आल्या, वये वाढली. आणि एकोणिसाव्या वर्षी तो मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. परत द्यावयाचे राहून गेले. त्यांतल्या एका गॉब्लिनची ढाल रंगवलेलीच नव्हती.

“माझ्या रंगाचे काय करायचे ते मी ठरवीन, काका,” तो म्हणाला, “पण हा रंग माझा नाही.”

इतिहासकार ज्याला साधनाची मालकी म्हणतात तो प्रश्न एवढ्या सोप्या शब्दांत मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. तांबड्या ठिपक्यांच्या पुतळ्यांविषयी मी मग हट्ट सोडला. त्याने फक्त दोन जसेच्या तसे ठेवले, एक बुटका व एक सापळा, आणि बाकीचे डेटॉलात घातले. निळे त्याने कोमट पाण्याने पुसले, कापसात गुंडाळले, आणि मी भारतात परत येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे त्या मुलाच्या आईकडे गेलो. ऐंशीच्या पुढच्या बाई. त्याच घरात राहतात. त्यांनी चष्मा लावून अकराही पुतळे खिडकीत मांडले. निळ्या ठिपक्याकडे पाहून त्या हसल्या. मुलाचा आवडता रंग म्हणून निळा निवडला असेल, असा माझा तर्क होता. बाई म्हणाल्या, छे, बागेच्या फाटकाला दिलेल्या रंगातला उरलेला तो. त्याने दुसरा घ्यायला पैसे मागितले होते आणि मी दिले नव्हते. साधनांवरून तर्क करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुतळे त्यांनी ठेवून घेतले नाहीत. पुन्हा कापसात गुंडाळून याच्या हाती दिले, आणि ती कोरी ढाल बोटाने दाखवून म्हणाल्या, “एवढी पुरी कर.”

परतताना रस्त्याने मी काही बोललो नाही. मॉरिस आणि रस्किन यांना या प्रसंगी काय म्हणता आले असते याचा विचार करीत होतो.

गेल्या दिवाळीत त्याचे पत्र आले. तांबडी फौज रंगवून तयार आहे. बाप संध्याकाळी चष्म्यावर भिंग लावून ढालींच्या कडा रंगवतो, आणि हात थरथरतो म्हणून चिडतो. निळ्यांपैकी दहांना पातळ रोगण देऊन काचेच्या कपाटात ठेवले आहे, लाकडाच्या नव्हे. अकरावा अजून टेबलावरच आहे. त्याच्या ढालीला दोनदा रंग लावला आणि दोनदा पुसून टाकला, असे लिहितो.